थकलेल्या प्राप्तिकराची हप्तेबंदी

कर कसा वाचवावा हे सांगणाऱ्यांची व्यापाऱ्याला कधीच वानवा नसते. दुकानात चहा घ्यावयास आलेला पाहुणाही चार युक्त्या सांगून जातो. परंतु कर ठरून गेला आहे, मागणीची नोटीस हाती पडली आहे आणि गल्ल्यात तेवढी रक्कम नाही, अशा वेळी काय करावे हे सांगणारा मनुष्य सहसा भेटत नाही. कारण ज्याच्यावर तो प्रसंग येतो तो त्याविषयी चारचौघांत बोलत नाही. बाजारात ज्याची पत आहे त्याला आपल्या घरी सरकारी थकबाकीची नोटीस आली आहे हे शेजारच्या पेढीला कळणेही नको असते. या संकोचापायीच कायद्याने दिलेली एक सवलत पुष्कळांच्या हातून निसटते, असा माझा अनुभव आहे. म्हणून हा काहीसा अप्रिय विषय स्मरणिकेच्या वाचकांपुढे मांडीत आहे.

कर थकतो तो बुडवणाऱ्याचाच थकतो, असे नाही. आपल्यातील बहुतेक पेढ्यांचा जमाखर्च व्यापारी पद्धतीने ठेवला जातो. म्हणजे माल विकला की नफा जमा धरला जातो, मग ती रक्कम हाती येवो वा उधारीत अडकून राहो. आकारणी होते ती या नफ्यावर. वहीत सहा लाखांचा नफा दिसतो, पण त्यातील चार लाख गिऱ्हाइकांकडे आणि उरलेले वखारीतील मालात गुंतलेले असतात. त्यातच घरातील आजारपण, मुलीचे लग्न किंवा एखाद्या मोठ्या खरेदीदाराने काढलेले दिवाळे आले की प्रामाणिक मनुष्यही अडचणीत येतो. वास्तविक आगाऊ कराची पद्धत हीच एक प्रकारची हप्तेबंदी आहे. सर्वसाधारण करदात्याने १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण कर भरावा, अशी तिची रचना आहे. ती पाळणाऱ्यावर पुढील प्रसंग क्वचितच येतो. परंतु आजचा विषय ज्यांच्याकडून ती पाळली गेली नाही त्यांचा आहे.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा घेतो. परंतु बहुतेकांच्या दारी असलेली थकबाकी जुन्या कायद्याखालील वर्षांची असल्यामुळे येथे कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचेच दिले आहेत. नव्या कायद्यात क्रमांक बदलले. हप्त्यांविषयीच्या नियमांचा गाभा बदललेला नाही.

आता मुख्य विषय. आकारणी पूर्ण झाल्यावर कलम १५६ प्रमाणे मागणीची नोटीस निघते. बेंगळुरूच्या केंद्राकडून विवरणपत्राची छाननी होऊन कलम १४३ (१) खाली जी सूचना येते, तीत रक्कम देय दाखवली असेल तर तीच मागणीची नोटीस समजली जाते. वेगळा कागद येत नाही. ही नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत रक्कम भरावयाची असते. (सरकारी महसुलास धोका दिसल्यास वरिष्ठांच्या संमतीने याहून कमी मुदतही देता येते; म्हणून नोटिशीवरील मुदत प्रत्यक्ष वाचावी.) आणि कलम २२० च्या पोटकलम ३ मध्ये असे म्हटले आहे की, करदात्याने ही मुदत संपण्यापूर्वी अर्ज केला तर आकारणी अधिकारी आपणास योग्य वाटतील त्या अटींवर मुदत वाढवू शकतो किंवा हप्त्याने भरण्यास परवानगी देऊ शकतो.

या वाक्यातील ‘मुदत संपण्यापूर्वी’ हे शब्द प्रत्येकाने लक्षात ठेवावे, कारण सारी सवलत त्यांवर टांगलेली आहे. तिसाव्या दिवशी मागणारा करदाता हा अर्जदार असतो. एकतिसाव्या दिवशी मागणारा कसूरदार असतो. दोघांची नड एकच, दोघांची रक्कम एकच. परंतु पहिल्याच्या अर्जामागे कायद्याचे पोटकलम उभे असते आणि दुसऱ्याला अधिकाऱ्याच्या सौजन्यावर विसंबावे लागते.

तीस दिवसांपैकी पहिला आठवडा मागणी बरोबर आहे की नाही हे पाहण्यात घालवावा. पुष्कळदा मागणी निघते ती कर न भरल्यामुळे नव्हे, तर बँकेने वा खरेदीदाराने कापलेला कर आपल्या नावे जमा दिसत नाही म्हणून, किंवा चलन भरताना वर्ष चुकले म्हणून. अशा मागणीचे हप्ते मागणे म्हणजे न घेतलेल्या मालाचे बिल चुकते करण्यासारखे आहे. तेथे कलम १५४ खाली चूकदुरुस्तीचा अर्ज करावा. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर थकीत मागणीला उत्तर देण्याची सोय आहे. तेथे ‘मागणी मान्य’ असे एकदा नोंदवले की त्याच ठिकाणी मागाहून ‘अमान्य’ म्हणता येत नाही. मुनिमाने घाईने दाबलेले बटण मालकाला बांधून ठेवते. यास्तव हे उत्तर मालकाने स्वतः वाचूनच द्यावे.

मागणी मान्य असेल तर अर्जाकडे वळावे. अर्ज करावयाचा तो आपल्या विभागाच्या आकारणी अधिकाऱ्याकडे. आकारणी चेहराविरहित पद्धतीने दूरच्या कुणा अधिकाऱ्याने केलेली असली तरी वसुलीचे काम स्थानिक अधिकाऱ्याकडेच येते. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर पेढीचा कर आणि मालकाचा कर असा भेद नसतो. अर्ज मालकाच्या नावानेच जावा. अर्जाचा आशय साधारणपणे असा असावा:

‘अमुक आकारणी वर्षाच्या मागणीची नोटीस मला ३१ मे रोजी मिळाली. मागणीची रक्कम रुपये ६,००,००० असून तिची मुदत ३० जून रोजी संपते. मागणीविषयी माझी हरकत नाही. परंतु अमुक कारणामुळे ही सर्व रक्कम एकदम भरणे मला शक्य नाही. पैकी रुपये १,५०,००० मी आजच भरले असून चलनाची प्रत सोबत जोडली आहे. बाकीचे रुपये ४,५०,००० सोबतच्या तक्त्याप्रमाणे हप्त्यांनी भरण्याची परवानगी कलम २२० (३) अन्वये मिळावी. चालू वर्षाचा आगाऊ कर मी वेळेवर भरीत आहे.’

या मसुद्यातील ‘आजच भरले’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कायद्याने आधी काही रक्कम भरण्याची सक्ती केलेली नाही. तथापि रिकाम्या हाताने मुदत मागणारा आणि चौथाई भरून बाकीची मुदत मागणारा यांच्यातील फरक आपण स्वतः उधारी वसूल करताना रोज पाहतोच. तीच गोष्ट शेवटच्या वाक्याची. जुनी बाकी फेडताना नवी बाकी उभी राहत असेल तर कोणता अधिकारी हप्ते मान्य करील?

कारण सांगताना ‘मंदी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, येणेकऱ्यांची यादी, कर्जाचे हप्ते, आजारपणाची बिले असे कागद जोडावेत. येणेकऱ्यांची यादी देण्यास काहीजण कचरतात, कारण पुढे वसुलीची वेळ आली तर तीच यादी खात्याच्या उपयोगी पडेल. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु आपले पैसे कोठे अडकले आहेत हे न दाखवता पैसे नाहीत असे सांगणाऱ्यावर विश्वास कसा बसावा?

हप्त्यांचा तक्ता आपल्या हंगामाप्रमाणे बसवावा. पावसाळ्यात ज्याचे गिऱ्हाईक थंडावते त्या कापडवाल्याने बारमाही सारखे हप्ते कबूल करू नयेत. वरील उदाहरणातील साडेचार लाखांसाठी त्याने जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरअखेर प्रत्येकी २५,०००, ऑक्टोबरअखेर ७५,००० आणि नोव्हेंबर, डिसेंबर व जानेवारीअखेर प्रत्येकी १,००,००० असा तक्ता दिला तर सात महिन्यांत बाकी फिटते.

हप्ते मंजूर झाले म्हणजे व्याज थांबले, हा दुसरा गैरसमज. कलम २२० (२) प्रमाणे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून दरमहा शेकडा एक या दराने सरळ व्याज चालू राहते, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी तो पूर्ण महिना धरला जातो. वरील तक्त्यात जुलैचे व्याज ४,५०० रुपये, ऑगस्टचे ४,२५०, सप्टेंबरचे ४,०००, ऑक्टोबरचे ३,७५०, नोव्हेंबरचे ३,०००, डिसेंबरचे २,००० आणि जानेवारीचे १,०००. एकूण २२,५०० रुपये होते. जिज्ञासूंनी हिशेब करून पाहावा: हीच बाकी पन्नास हजारांच्या नऊ सारख्या हप्त्यांनी मार्चअखेरपर्यंत फेडली तरी व्याज नेमके तेवढेच येते. याउलट सहा लाखांना हातच न लावता नऊ महिने काढले तर व्याजच ५४,००० रुपये होईल, आणि वर दंडाची टांगती तलवार राहील ती वेगळीच. शेकडा एक हा दर २००३ च्या सप्टेंबरपासून चालू आहे. १९८९ नंतर बरीच वर्षे तो दीड टक्का होता. बाजारातून शेकडा दोनने पैसे उचलून कर भरण्यापेक्षा हप्त्यांवरील व्याज स्वस्त पडते. बँकेकडून याहून कमी दराने रक्कम मिळत असेल तर मात्र ती घेऊन मोकळे व्हावे. कराच्या थकबाकीवरील व्याज धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळत नाही, हेही या तुलनेत धरावे.

मग हप्त्यांनी साधते काय? साधते ते हे की, मंजूर हप्ते वेळेवर भरणारा करदाता कसूरदार ठरत नाही, आणि कसूरदार ठरला नाही म्हणजे कलम २२१ खालील दंड व जप्तीची कारवाई त्याच्यावर येत नाही. हा दंड थकलेल्या कराच्या रकमेपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे देणे दुप्पट होऊ शकते. दंडाचा हुकूम होण्यापूर्वी कर भरून टाकला एवढ्यानेच दंडातून सुटका होते असेही नाही. मात्र कसुरीला सबळ कारण होते असे सुनावणीत पटवून दिल्यास दंड करता येत नाही.

परंतु ही ढाल एका ठिकाणी फार पातळ आहे. पोटकलम ५ असे सांगते की, कोणताही एक हप्ता ठरल्या दिवशी भरला गेला नाही तर उरलेली संपूर्ण रक्कम त्याच दिवशी देय झाली असे समजावे. म्हणजे आपल्या कापडवाल्याने सप्टेंबरचा पंचवीस हजारांचा हप्ता चुकवला तर ३० सप्टेंबर रोजी तो पंचवीस हजारांचा नव्हे, चार लाखांचा कसूरदार होतो. व्यापारी व्यवहारात आपण दोनचार दिवसांची ओढाताण मनावर घेत नाही; हुंडीवाल्याला फोन करून सांभाळून घेतो. येथे ती सवय घात करते. म्हणून तक्ता करतानाच झेपतील असे हप्ते मागावेत आणि अडचण दिसू लागताच हप्त्याच्या तारखेपूर्वी लेखी अर्ज करावा. अर्जाला उत्तर आले नाही म्हणजे मंजुरी मिळाली, असेही समजू नये. लेखी हुकूम हाती येईपर्यंत पाठपुरावा करावा आणि दरम्यान आपण दिलेल्या तक्त्याप्रमाणे रक्कम भरीत राहावे.

मुदत टळून गेली तर काय होते, याचे एक उदाहरण माझ्या पाहण्यात आहे. धान्याच्या एका अडत व्यापाऱ्याची मागणी साडेतीन लाखांच्या आसपास होती. नोटीस आली होती, पण ती नोकरी सोडून गेलेल्या मुनिमाच्या ई-मेलवर. पोर्टलवर तोच पत्ता नोंदलेला होता. नोटीस पाहिली नाही ही सबब अशा वेळी टिकत नाही. काही महिन्यांनी कलम २२६ (३) प्रमाणे बँकेला पत्र गेले आणि खाते गोठले. बँकेपर्यंत गोष्ट राहिली असती तर गृहस्थांनी ती निभावली असती. परंतु तसलीच पत्रे त्यांच्या चार मोठ्या खरेदीदारांनाही गेली: ‘तुम्ही यांना जे देणे लागता ते आमच्याकडे भरा.’ असे पत्र मिळाल्यावर खरेदीदाराने ती रक्कम व्यापाऱ्याला दिली तर तो स्वतः जबाबदार ठरतो. त्यामुळे त्यांचाही इलाज नव्हता. आठ दिवसांत बाजारभर चर्चा झाली. ज्यांच्याकडून तीस दिवसांच्या वायद्याने माल येत असे ते रोख मागू लागले. पुढे त्यांनी दीड लाख उभे करून भरले, अधिकाऱ्याची भेट घेतली, खाते मोकळे झाले आणि उरलेली रक्कम पाच हप्त्यांत फिटली. जे त्यांना शेवटी मिळाले तेच पहिल्या तीस दिवसांत एका अर्जाने मिळण्याजोगे होते. दरम्यान गेलेला वायदा परत मिळण्यास मात्र दोन दिवाळ्या जाव्या लागल्या.

थकबाकी कर वसुली अधिकाऱ्याकडे गेल्यावरही दार अगदी बंद होत नाही. कलम २२२ खाली दाखला निघाल्यावर तो पंधरा दिवसांची नोटीस देतो. त्यानंतर जंगम व स्थावर मालमत्तेची जप्ती आणि विक्री, इतकेच नव्हे तर अटकेपर्यंतचे अधिकार त्याला आहेत. परंतु कलम २२५ प्रमाणे तोही मुदत देऊन कारवाई थांबवू शकतो. १९२२ च्या कायद्याखाली हेच काम कलेक्टर करीत असे आणि कर जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. हैदराबाद, इंदूर व ग्वाल्हेर येथील आपल्या कुटुंबांचा या कायद्याशी संबंध १९५० पासूनचा, गोव्यातील कुटुंबांचा १९६३ पासूनचा. जुनी मंडळी ‘जप्ती’ हा शब्द अजूनही मामलेदाराशी जोडतात तो त्या काळामुळे.

आकारणीच मान्य नसेल तर मार्ग वेगळा: अपील आणि तहकुबी. नुसते अपील केल्याने वसुली थांबत नाही; कलम २२० (६) खाली तहकुबीचा वेगळा अर्ज करावा लागतो. त्यासाठी वादग्रस्त मागणीपैकी किती भाग आधी भरावा याविषयी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या सूचना असतात. २०१६ मध्ये हे प्रमाण साधारणतः १५ टक्के ठरले, २०१७ मध्ये २० टक्के झाले. ते बदलत असते, म्हणून अर्जाच्या वेळी चालू सूचना पाहावी. आपण स्वतः विवरणपत्रात कबूल केलेला कर भरला नसेल तर अपील दाखलच करून घेतले जात नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

कुटुंबाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. नोटीस आल्यावर घर पत्नीच्या किंवा सुनेच्या नावे करून देण्याचा सल्ला देणारे शहाणे प्रत्येक गावात असतात. पत्नी, अज्ञान मूल, सून आणि मुलाचे अज्ञान मूल यांना १ जून १९७३ नंतर पुरेशा मोबदल्याशिवाय दिलेली मालमत्ता वसुलीसाठी कसूरदाराचीच समजली जाते. अशा हस्तांतराने कर टळत नाही. अधिकाऱ्याचा विश्वास तेवढा जातो, आणि हप्त्यांचा अर्ज विश्वासावरच चालतो.

दुसरी गोष्ट गोव्यातील सभासदांची. तेथे पोर्तुगीज नागरी कायद्यातील समाईक मालमत्तेची पद्धत ज्या पतिपत्नींना लागू आहे, त्यांचे पगाराखेरीज इतर उत्पन्न कलम ५अ प्रमाणे दोघांत निम्मे विभागले जाते. सबब दुकान पती चालवीत असला तरी अर्ध्या उत्पन्नाची आकारणी, आणि म्हणून अर्धी मागणीही, पत्नीच्या नावे निघू शकते. अशा वेळी पतीने आपल्या मागणीचे हप्ते मंजूर करून घेतले म्हणून पत्नीची मागणी आपोआप सुरक्षित होत नाही. तिचा अर्ज वेगळा, तीस दिवस वेगळे, चलनेही वेगळी. घरातील स्त्रीच्या नावे आलेली नोटीस ‘दुकानाचीच असेल’ म्हणून तिला न दाखवता बाजूस ठेवण्याची चाल अनेक घरांत आहे, ती सोडावी.

व्याजाचा बोजा खरोखरच असह्य असेल तर कलम २२० (२अ) खाली आयुक्तांच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे माफीचा किंवा कपातीचा अर्ज करता येतो. भरणा केल्याने खरी हलाखी ओढवली वा ओढवेल, कसूर आपल्या ताब्याबाहेरील कारणाने झाली, आणि आपण चौकशीत व वसुलीत सहकार्य केले, या तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. तिसरी गोष्ट दाखवणे हप्ते नियमित भरलेल्या मनुष्याला सोपे जाते.

भरणा करताना चलनावर ‘नियमित आकारणीचा कर’ हा प्रकार, बरोबर आकारणी वर्ष आणि मागणीचा क्रमांक निवडावा. ‘स्वयंआकारणीचा कर’ असा प्रकार चुकून निवडला गेला तर पैसे सरकारात जातात, पण मागणी तशीच उभी दिसते. मध्यंतरी दुसऱ्या वर्षाचा परतावा निघत असेल तर खाते कळवून तो या बाकीत वळवू शकते; तसे झाल्यास उरलेला तक्ता पुन्हा मांडून घ्यावा. शेवटचा हप्ता भरल्यावर संकेतस्थळावर बाकी शून्य झाली का ते पाहावे. हप्त्यांच्या काळातील व्याजाची मागणी पुष्कळदा मागाहून निघते, म्हणून वरील उदाहरणातील साडेबावीस हजार रुपये बाजूला काढून ठेवावेत आणि मंजुरीचा हुकूम व सर्व चलने त्या वर्षाच्या खातेवहीबरोबर एकाच फायलीत बांधून ठेवावीत.